सीटखालच्या पिवळ्या कपलरला हात लावू नका: ‘१० मिनिटांत सिल प्लेट’ मेसेजचा प्रतिवाद

पिकअपवाल्यांच्या ग्रुपांतून सध्या एक मेसेज फिरतोय. ‘कुठल्याही पिकअपच्या दारात लायटिंगच्या सिल प्लेट १० मिनिटांत घरीच बसवा. सीटखाली पिवळा कपलर असतो, त्यात कायम १२ व्होल्ट असतो. चावी ऑन ठेवून टेस्टरने बघा आणि तिथूनच टॅप मारा. एलईडी करंट खात नाही, म्हणून फ्यूज नको, बॅटरीही उतरत नाही. डबल टेप लावा, दाबा, झालं. वॉटरप्रूफ आहे, वॉशिंगला बिनधास्त न्या. वॉरंटीला धक्का नाही.’ सिल प्लेट म्हणजे दाराच्या उंबऱ्यावर बसवायची पट्टी, आणि टॅप मारणं म्हणजे चालू वायरीतून जोड काढणं. हे वाचून माझा भाचा टेस्टर घेऊन टोयोटाच्या हायलक्स पिकअपची सीट सरकवायला निघाला होता, म्हणून हे लिहिणं आलं.

आधी तो पिवळा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग. बाकीच्या चुकांनी फार तर पैसे जातील, इथे माणूस जाऊ शकतो.

एअरबॅग असलेल्या गाडीत पिवळा कपलर किंवा पिवळी स्लीव्ह दिसली, की ती एअरबॅगची किंवा सीटबेल्ट प्रीटेन्शनरची (धडकेच्या क्षणी पट्टा आवळणाऱ्या यंत्रणेची) वायरिंग समजायची. बहुतेक सगळ्या कंपन्या हाच संकेत पाळतात. हायलक्समध्ये ७ एअरबॅगपर्यंत मिळतात. त्यातली साइड एअरबॅग सीटच्या बाहेरच्या कडेत असते आणि तिची वायर सीटखालूनच वर जाते. मेसेजवाला बोट दाखवतोय ती नेमकी हीच जागा. बरं, तिथे कायम १२ व्होल्ट असतो हेसुद्धा खोटं. एअरबॅगचं कंट्रोल युनिट त्या वायरीतून तपासणीपुरता काही मिलीॲम्पिअर करंट सोडतं आणि रोध साधारण २ ओहमच्या आसपास आहे ना, एवढंच बघत राहतं. तिथे प्लेट जोडलीत तर ती धड पेटणार नाही. पेटेल तो डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा. तो स्कॅनर लावल्याशिवाय सहसा जात नाही, आणि तो पेटलेला असताना धडक झाली तर एअरबॅग उघडेलच याचा भरवसा नाही.

आता टेस्टरचा हिशेब करा. एअरबॅग पेटवणाऱ्या इग्नायटरला साधारण १.२ ॲम्पिअर करंट २ मिलिसेकंद मिळाला की काम झालं. ०.४ ॲम्पिअरपर्यंत तो पेटू नये अशी त्याची रचना असते. गॅरेजमधल्या टेस्टरला २१ वॉटचा बल्ब लावलेला असेल, तर तो १२ व्होल्टला पावणेदोन ॲम्पिअर घेतो. ५ वॉटचा घेतलात तरी ०.४ च्या काठावर, आणि थंड फिलामेंट पहिल्या क्षणी त्याहून बराच जास्त करंट ओढतं. चाचपडताना त्या वायरीतून सर्किट पूर्ण झालं, तर सीटशेजारी वाकलेल्या माणसाच्या तोंडापाशी एअरबॅग फुटेल.

हे भीती घालायला लिहीत नाही. टोयोटाचं सर्व्हिस मॅन्युअल एअरबॅगच्या आसपास काम करण्याआधी बॅटरीची मायनस केबल काढून किमान ९० सेकंद थांबायला सांगतं. कारण केबल काढल्यावरही एअरबॅग उडवण्याइतकी ऊर्जा युनिटच्या कपॅसिटरमध्ये काही काळ शिल्लक असते. कंपनी आपल्या शिकलेल्या मेकॅनिकला दीड मिनिट थांबवते आणि हा गृहस्थ चावी ऑन ठेवून टॅप मारायला सांगतो!

एअरबॅग नसलेल्या जुन्या बोलेरो पिकअपमध्ये पिवळी वायर साधी असू शकते, हे मान्य. मग ‘कुठल्याही पिकअपच्या’ असं लिहायचं नव्हतं.

फ्यूज नको, हा दुसरा मुद्दा. एलईडी करंट कमी खाते हे खरं आहे. एक प्लेट १ ते ३ वॉटची, म्हणजे ०.१ ते ०.२५ ॲम्पिअर. पण फ्यूज एलईडीसाठी नसतो, वायरीसाठी असतो. ही वायर उंबऱ्याच्या ट्रिमखालून, म्हणजे प्लास्टिकच्या आवरणाखालून जाते, तिच्यावर रोज बूट पडतात. क्लिपच्या टोकाने किंवा पत्र्याच्या कडेने तिचं इन्सुलेशन सोललं आणि प्लस बॉडीला टेकला, की बॅटरी शेकडो ॲम्पिअर ओतते आणि वायर कार्पेटखाली लाल होते. ०.५ स्क्वेअर एमएमची वायर पुरते. फ्यूज १ किंवा २ ॲम्पिअरचा, आणि तो प्लेटजवळ नाही, सप्लाय घेतो तिथेच. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे फ्यूज बॉक्समध्ये आतल्या दिव्याच्या जागी फ्यूज टॅप, म्हणजे एका जागी दोन फ्यूज घेणारा जोड: खालच्या खाचेत मूळ फ्यूज, वरच्या खाचेत नवा. वायरीला चावणाऱ्या निळ्या-लाल क्लिपा नकोत. माप चुकलं की त्या तांब्याच्या तारा कापतात, आणि पावसाळ्यात जोड हिरवा पडतो. सोल्डर करून हीटश्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा.

बॅटरी उतरत नाही म्हणे. चार प्लेट, प्रत्येकी ०.१५ ॲम्पिअर, मिळून ०.६. प्लेट कायम पेटत राहिल्या तर २४ तासांत १४.४ ॲम्पिअर-अवर गेले. ७५ ॲम्पिअर-अवरची बॅटरी अडीच दिवसांत जवळपास निम्मी होते, आणि डिझेलचा स्टार्टर निम्म्या बॅटरीवर कुरकुरतो. प्लेट कायम पेटत्या राहतात त्या बहुतेक वेळा काळी वायर बॉडीला अर्थ केल्यामुळे. जुन्या गाड्यांत दाराचा खटका (दार उघडल्यावर दिवा लावणारा स्विच) अर्थच्या बाजूला असतो. तिथे लाल वायर फ्यूजमधून आलेल्या कायम प्लसला आणि काळी खटक्याच्या वायरीला जोडायची, म्हणजे दार उघडलं तरच प्लेट लागते. नव्या गाड्यांत मात्र हे करू नका. तिथे दाराचा सिग्नल थेट बॉडी कंट्रोल मॉड्यूलकडे, म्हणजे दिवे-लॉक सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरकडे जातो. एलईडीमधून त्या वायरीवर उलटा व्होल्टेज येतो, मॉड्यूल गोंधळतं आणि सेंट्रल लॉक, अलार्म वेडेवाकडे वागतात. तिथे चुंबक जवळ आला-गेला की चालू-बंद होणारा वेगळा रीड स्विच वापरा. दार बंद असताना चुंबक आणि स्विच यांत सेंटिमीटरभरच अंतर हवं. छताच्या दिव्यावरूनही सप्लाय घेता येतो, पण मग एक दार उघडलं तरी चारही प्लेट पेटतात, आणि हळूहळू मंदावणाऱ्या दिव्यावर स्वस्त एलईडी फडफडते.

‘डबल टेप लावा, दाबा’ यात निम्मं काम गाळलंय. उंबऱ्यावर डॅशबोर्ड पॉलिशचं सिलिकॉन बसलेलं असतं, त्यावर कुठलीच टेप टिकत नाही. आधी साबणपाणी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. थिनर नको, प्लास्टिक खातो. ट्रिम पॉलिप्रोपिलिन प्लास्टिकची असेल तर टेप धरावी म्हणून आधी प्राइमर लावावा लागतोच. थ्रीएम कंपनीची व्हीएचबी ही मजबूत डबल टेप २० मिनिटांत साधारण ५० टक्के पकडते, २४ तासांत ९० आणि पूर्ण ताकद ७२ तासांनी. तोवर त्या उंबऱ्यावर पाय नाही. टेप सोलण्याआधी प्लेट नुसती ठेवून दार लावून बघा, दाराचं रबर तिला घासत असेल तर पाणी आत येणार. वायरीसाठी भोक पाडू नका. प्लेट बॉडीवर बसते, दारावर नाही, त्यामुळे वायर ट्रिमखालून सरळ किक पॅनेलपर्यंत, म्हणजे पायाजवळच्या बाजूच्या आवरणापर्यंत जाते.

वॉटरप्रूफ म्हणजे खोक्यावर आयपी६७ लिहिलेलं असतं. ते १ मीटर पाण्यात ३० मिनिटं बुडवण्याचं प्रमाण आहे, प्रेशर वॉशरच्या फवाऱ्याचं नाही. फवारा कडेवर मारला की टेपही सुटते.

वॉरंटीबाबत, वायरिंग कापलीत तर त्या सर्किटच्या तक्रारीवर सर्व्हिस सेंटर हात वर करणार. आतल्या सेलवर चालणाऱ्या, चुंबकाने पेटणाऱ्या प्लेट मिळतात, त्यांना गाडीची एकही वायर लागत नाही. मेसेजमधली १० मिनिटं फक्त त्यांनाच लागू, तीही सफाईचा वेळ सोडून. सेल संपले की बदलता येतात का, ते मात्र घेण्याआधी बघा. बऱ्याच स्वस्त प्लेट सीलबंद असतात, मग टेपसकट उपटून टाकाव्या लागतात.