दुसरा खरा

परवा शेजारच्या काकांना मी दोन रेकॉर्डिंगं ऐकवली. एक गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या खऱ्या अ‍ॅम्पचं, दुसरं कॉम्प्युटरने उतरवलेल्या त्याच्या नकलेचं. काकांनी डोळे मिटले, मान डोलावली आणि म्हणाले, "दुसरा खरा. पहिल्यात काहीतरी बिघाड आहे."

त्या बिघाडापायी माझी कंबर गेलीय. १९६५चा फेंडर ट्विन रिव्हर्ब, मित्राकडून दोन दिवसांच्या बोलीवर आणलेला. वजन तीस किलोंच्या आसपास, जिने तीन. न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. ठरलेला चाचणीचा आवाज अ‍ॅम्पमध्ये सोडायचा, बाहेर आलेला माइकने टिपायचा आणि दोन्ही त्याला द्यायचे. आत काय गेलं नि बाहेर काय आलं, यावरून ते अ‍ॅम्पचा स्वभाव शिकतं. ऐकायला सोपं आहे. माइक स्पीकरच्या कागदी शंकूच्या मध्यापासून बोटभर सरकला की स्वभाव बदलतो, हे कुणी आधी सांगत नाही. माझी अख्खी सकाळ त्या बोटभरात गेली.

चाचणीच्या आवाजाची सुरुवात दोन ठोक्यांनी होते: टक्, टक्. त्यावरून सॉफ्टवेअर वेळ जुळवतं. मी सुरू केलं आणि नेमकं त्याआधी दारावर टक्, टक्. सॉफ्टवेअरच्या हिशेबाने अ‍ॅम्पने प्रश्न यायच्या आत उत्तर दिलं होतं.

दारात काका. "गाणं कधी सुरू होणार रे? मघापासून नुसतीच शिट्टी वर चढतेय."

"काका, गाणं नाही, चाचणी आहे."

"नापास दिसतोय." ते आत आले, बसले. "किती वॉटचा?"

"पंच्याऐंशी."

"बस? आमच्या न्हाणीघरातला दिवा शंभरचा होता."

दिव्याचे शंभर वॉट आणि स्पीकरला जाणारे ८५ वॉट यांतला फरक मी समजावायला घेतला. ही चूक माझीच. मग काकांनी मागे वाकून लाल झालेल्या ट्यूब, म्हणजे व्हॉल्व्ह, पाहिल्या आणि विरघळले. त्यांच्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता, तापायला वेळ घ्यायचा, बातम्यांची पहिली ओळ कायम हुकायची. दहा मिनिटं रेडिओ. मला त्या ओळीबद्दल खरंच वाईट वाटायला लागलं.

"पण हा घुंई करतोय."

"जुने असे घुंई करतातच."

"अरे, वायर सैल असणार," म्हणत काकांनी स्पीकरच्या वायरीला हात घातला. मी किंचाळलो. अ‍ॅम्प जोरात वाजत असताना स्पीकर सुटला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, आणि ट्रान्सफॉर्मर मित्राचा होता. काका दुखावले. "हात लावला तर एवढं?" म्हणाले, आणि तिथेच बसून राहिले. पुढची तीन मिनिटं शिट्टी, खरखर, गिटारचे तुकडे आणि अधूनमधून काकांचा खोकला.

रात्री नक्कल तयार झाली. चूक एक टक्क्याच्याही खाली. मी वाजवून पाहिलं तर अ‍ॅम्प हुबेहूब, फक्त घुंई गायब. काकांचा खोकलाही गायब. आत सोडलेल्या आवाजाशी ज्याचा संबंध नाही, ते सॉफ्टवेअर शिकतच नाही. खोकल्याबद्दल तक्रार नाही. पण ती घुंई मला हवी होती. आणि ही नक्कल बटणांच्या एकाच जागेची. ट्रेबल जरा वर हवा असेल तर पुन्हा शिट्टी, पुन्हा खरखर, पुन्हा दारावर टक् टक्. यावर ऑनलाइन कुणी "अगदी सेम टू सेम!" लिहिलं की मला त्याच्या घरी तीस किलो पोचवावेसे वाटतात.

दुसऱ्या दिवशी अ‍ॅम्प खाली नेत होतो. दुसऱ्या जिन्यावर काका भेटले. खोका निरखून म्हणाले, "झाला दुरुस्त?"

मला दम लागला होता. "हो काका," म्हटलं.