फॉर्मपुरते ब्रिटिश

आमच्या शेजारचे आजोबा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. सतरा वर्षांपूर्वी आम्ही इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यातल्या लीड्सला राहायला आलो त्या पहिल्याच आठवड्यात मी कुंपणावरून त्यांना म्हटलं होतं, "तुम्ही ब्रिटिश लोक बागेची निगा फार छान राखता." त्यांनी हातातली कात्री खाली ठेवली. "ब्रिटिश नाही, लव्ह. यॉर्कशायर." मग जरा विचार करून म्हणाले, "इंग्लिश म्हटलंस तरी चालेल. फुटबॉल असेल तेव्हा."

मला वाटलं म्हातारबुवा गंमत करतायत. गंमत नव्हती, हे कळायला दोनेक वर्षं गेली. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड मिळून युनायटेड किंग्डम; 'ब्रिटिश' हे त्या सगळ्यांचं नाव, 'इंग्लिश' फक्त इंग्लंडवाल्यांचं.

मी साताऱ्याची. आमच्याकडे 'इंग्रज' हा एकच शब्द. आई अजूनही फोनवर विचारते, "काय म्हणतात तुझे इंग्रज?" शाळेत तर सगळं काही इंग्रजांनीच केलेलं असायचं, राज्य बुडवण्यापासून रेल्वे आणण्यापर्यंत. इथे आल्यावर त्या 'इंग्रजां'ची गावं नकाशावर शोधायचा मला नाद लागला आणि फजिती झाली. पेशवाई बुडाल्यावर साताऱ्याला प्रतापसिंह महाराजांच्या दरबारी बसलेला ग्रँट डफ, आमच्या गावचा हक्काचा इंग्रज, निघाला स्कॉटलंडमधल्या बॅन्फचा. मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन डम्बार्टनचा, तोही स्कॉटिश. ज्याच्या नावाने महाबळेश्वरला माल्कम पेठ झाली तो जॉन माल्कमही तिकडचाच. असईच्या लढाईत शिंद्यांच्या फौजेवर चालून आलेला वेलस्ली जन्माने डब्लिनचा, आणि त्याच्या दिमतीला स्कॉटिश हायलँडर्सच्या पलटणी. म्हणजे आपल्याशी लढलेल्या इंग्रजांत इंग्रज किती, हे एकदा मोजायला हवं!

क्रिकेटमध्येही तेच. १९७२-७३ साली अजित वाडेकरांच्या संघाने ज्या इंग्लंडला २-१ ने हरवलं, त्याचा कप्तान टोनी लुईस वेल्श होता. १९७४ साली लॉर्ड्सवर आपण ४२ धावांत गारद झालो (बाबा अजून त्या विषयावर बोलत नाहीत), तेव्हा समोरचा कप्तान माइक डेनेस स्कॉटिश. इथल्या बोर्डाचं पूर्ण नाव 'इंग्लंड अँड वेल्स क्रिकेट बोर्ड', पण आद्याक्षरं ईसीबी. वेल्सचा डब्ल्यू कुठे गेला हे वेल्श माणसाला एकदा विचारून बघा. अर्धा तास काढून ठेवा मात्र.

तर ब्रिटिश कोण? मी हा प्रश्न सतरा वर्षं खालच्या आवाजात विचारत आलेय, आणि उत्तर असं आहे की ठासून 'ब्रिटिश' म्हणणारी माणसं मला सगळ्यात जास्त भेटली ती आपल्यासारखी. गुजराती केमिस्ट, बांगलादेशातले सिल्हेटी हॉटेलवाले, जमैकाहून आलेल्यांची नातवंडं आणि महाराष्ट्र मंडळातले आम्ही. 'ब्रिटिश इंडियन' हे जोडनाव सहज तोंडात बसतं. 'इंग्लिश इंडियन' म्हणून बघा, जीभ अडखळते. स्कॉटलंडमध्ये तसं होत नाही. तिथले आपले लोक 'स्कॉटिश एशियन' बिनदिक्कत म्हणतात. घोळ आहे तो इंग्लंडचा.

२०२१ च्या जनगणनेची गोष्ट सांगते. मार्च महिना, लॉकडाऊन, स्वयंपाकघराच्या टेबलावर लॅपटॉप. प्रश्न आला, तुमची राष्ट्रीय ओळख काय? लागू पडतील तेवढ्या खुणा करा. मी माझ्यापुढे पटकन 'ब्रिटिश'वर टिचकी मारली. नागरिकत्वाची शपथ घेतलेय, राणीच्या तसबिरीसमोर उभी राहून राष्ट्रगीत म्हटलंय, पासपोर्टसाठी पैसे मोजलेत. हक्क आहे माझा. नवऱ्याने ब्रिटिश आणि इंडियन अशा दोन्ही खुणा केल्या, त्याला कशातच निवड करायला आवडत नाही. मग लेकीची पाळी. ती तेव्हा दहा वर्षांची, जन्म इथल्याच हॉस्पिटलातला. ती वाकून यादी वाचत म्हणाली, "आई, यॉर्कशायर कुठेय?"

म्हटलं, ते राष्ट्र नाही गं.

"कोण म्हणतं?"

कोण म्हणतं याचं उत्तर द्यायला मला आजही जमलेलं नाही.

पुढे निकाल लागले तेव्हा मी चाट पडले. २०११ साली इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून ५७.७ टक्के लोकांनी आपण 'फक्त इंग्लिश' असल्याचं लिहिलं होतं, 'फक्त ब्रिटिश' १९.१ टक्के. दहा वर्षांनी 'फक्त इंग्लिश' १४.९ आणि 'फक्त ब्रिटिश' ५४.८! वाटलं, दहा वर्षांत देश उलटापालटा झाला की काय. तर तसं काही नाही. इंग्लंडमधल्या फॉर्मवर २०११ साली यादीत पहिला पर्याय 'इंग्लिश' होता, २०२१ साली 'ब्रिटिश' वर आणला होता. सांख्यिकी खात्यानेच सांगितलं की या बदलाचा परिणाम दिसतोय. म्हणजे कोट्यवधी माणसांनी वरचं पहिलं खोकं बघितलं, बरं बाबा, म्हणून खूण केली आणि चहा प्यायला उठली.

मला हे वाचून हसू आलं आणि नंतर थोडं वाईटही वाटलं. ज्या शब्दासाठी मी परीक्षा दिली, रांगेत उभी राहिले, तो इथल्या लोकांना यादीत कितव्या नंबरावर आहे यावर ठरवता येतो.

वेल्समध्ये मात्र दोन्ही वेळा 'वेल्श' पहिलं होतं आणि आकडा ५७.५ वरून ५५.२ वर आला, बस्स. त्यांचं नक्की आहे. ('वेल्श' हा शब्दही इंग्रजांचाच, मुळातला अर्थ परके. ते स्वतःला कम्री म्हणवतात, म्हणजे एका मुलखाची माणसं. ज्याच्या घरात घुसलात त्यालाच परका म्हणायचं, ही खास साहेबी तऱ्हा.) स्कॉटलंडमध्ये २०२२ च्या गणनेत ६५.५ टक्के 'फक्त स्कॉटिश'. पण त्याच लोकांनी २०१४ साली सार्वमतात ५५ टक्क्यांनी युनायटेड किंग्डममध्ये राहायचा कौल दिला होता. ओळख वेगळी आणि बिऱ्हाड वेगळं, हे त्यांना कळतं. उत्तर आयर्लंडबद्दल मी बोलत नाही. तिथे ३१.९ टक्के फक्त ब्रिटिश, २९.१ टक्के फक्त आयरिश, आणि या प्रश्नावर माणसं मेली आहेत. १९९८ च्या शांतता करारात दोन्ही म्हणवून घ्यायचा हक्क लिहून द्यावा लागला, यातच काय ते आलं.

मला बोलायचंय ते यॉर्कशायरबद्दल, कारण मी इथे राहते. लोकवस्ती जवळपास स्कॉटलंडएवढी, साधारण ५५ लाख. स्कॉटलंडला १९९९ पासून स्वतःची संसद, आणि यॉर्कशायरला काय, तर पांढरा गुलाब आणि पुडिंग. बरं, मागितलं का कुणी? २००४ साली शेजारच्या ईशान्य इंग्लंडला विचारलं, हवी का प्रादेशिक विधानसभा? विरोधकांनी फुगवलेला पांढरा हत्ती गावोगाव फिरवला आणि ७८ टक्के लोक नाही म्हणाले. त्यानंतर यॉर्कशायरला विचारायचं ठरलं होतं तेही बासनात गेलं. आजोबांना मी कारण विचारलं तर म्हणाले, "आणखी एक पुढाऱ्यांची फौज पोसायची कुणी?" म्हणजे अस्मिता इतकी की विचारू नका, पण तिच्यासाठी वेगळी कचेरी नको. आपल्याकडे अस्मितेचं पहिलं काम कचेरी मागणं हेच असतं, म्हणून मला याचं अप्रूप.

पण नावाला हात लावलात तर खैर नाही. १९७४ साली सरकारने काउंट्यांच्या, म्हणजे परगण्यांच्या, हद्दी बदलल्या आणि यॉर्कशायरचा पूर्वेकडचा भाग हंबरसाइड नावाच्या नव्या काउंटीत घातला. आजोबांची बहीण बेव्हर्लीला असायची. ती गेली तोवर पत्रावर 'ईस्ट यॉर्कशायर'च लिहीत होती, आणि हंबरसाइड लिहून आलेली पत्रं फोडायच्या आधी त्यावर काट मारायची. १९९६ साली सरकारने हंबरसाइड मोडीत काढलं. आजोबा हे असं सांगतात की जणू बहिणीनेच काढलं.

आणि आता सचिन. त्याच्याशिवाय ही पोस्ट पुरी कशी होईल?

यॉर्कशायरच्या क्रिकेट क्लबाचा दंडक होता की या काउंटीच्या जुन्या हद्दीत जन्मलेलाच खेळाडू घ्यायचा. बाळंतपणाला बायकोला घाईघाईने हद्दीत आणल्याचे किस्से अजून सांगतात; माहेरी पाठवायची पद्धत आपल्याकडे, यांच्याकडे काउंटीत पाठवायची! यातली मजा अशी की या दंडकाचा मोठा पुरस्कर्ता कप्तान लॉर्ड हॉक स्वतः लिंकनशायरात जन्मलेला. तो दंडक सुटला १९९२ साली, आणि परदेशातून आलेला पहिला खेळाडू कोण, तर वांद्र्याच्या साहित्य सहवासातला एकोणीस वर्षांचा मुलगा. सपाट टोपी घालून, हातात बिअरचा ग्लास दिलेला त्याचा तो अवघडलेला फोटो तुम्ही पाहिला असेल. त्या मोसमात १०७० धावा केल्या त्याने. आजोबा हेडिंग्लीला, म्हणजे लीड्सच्या क्रिकेट मैदानावर, बघायला जायचे. मी म्हटलं, सचिन आमचा. ते म्हणाले, "एक मोसम आमचा होता." पुढच्याच वर्षी मायकल वॉन यॉर्कशायरकडून खेळला, तो तर लँकेशायरकडचा. ते त्यांना सचिनपेक्षा जास्त जड गेलं असावं.

म्हणून माझं मत असं झालंय की इंग्लंडात आपल्यासारख्याला 'इंग्लिश' होण्यापेक्षा 'यॉर्कशायर' होणं सोपं आहे. प्रदेशाची ओळख बोलीतून, खाण्यातून, कुठल्या टीमसाठी घसा बसवता यातून येते. ती उचलता येते. ऋषी सुनक साउदॅम्प्टनला जन्मले, यॉर्कशायरमधून निवडून आले, पंतप्रधान झाले, तरी २०२५ साली ते इंग्लिश आहेत की नाहीत यावर इथे जाहीर वाद रंगला. सुएला ब्रेव्हरमन भारतीय वंशाच्या, गृहमंत्री राहिलेल्या. त्यांनी स्वतःच लिहिलं की मी ब्रिटिश आहे, इंग्लिश नाही. हे वाचून मला चीड आली. आपणच दार लावून घ्यायचं का?

अर्थात यॉर्कशायरचं दारही काही सताड उघडं नव्हतं. बार्न्सलीत वाढलेल्या, यॉर्कशायरकडून खेळलेल्या अझीम रफीकने २०२१ साली संसदीय समितीपुढे क्लबातल्या वंशद्वेषाबद्दल जे सांगितलं ते ऐकून मी रात्रभर झोपले नाही. क्लबाला पुढे दंड झाला, गुण कापले गेले. त्याची बोली शंभर टक्के यॉर्कशायर होती, तरी त्याला हे सोसावं लागलं. तेव्हा वर जे 'सोपं' म्हटलं ते जपून वाचा. लेकीकडे बघून लिहिलंय, थोडा आईचा आशावाद आहे त्यात.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडभर दिव्यांच्या खांबांवर सेंट जॉर्जचे झेंडे लागले, पांढऱ्यावर लाल फुली. आमच्या रस्त्यावरही लागले. झेंडा त्यांचा, देश त्यांचा, लावू देत. पण भाजी आणायला मी दोन दिवस मागच्या रस्त्याने गेले, हेही खरं. आजोबांना विचारलं तर खांबाकडे बघून एवढंच म्हणाले, "केबल टायने बांधलाय. वाऱ्याने फाटेल."

त्याआधी १ ऑगस्टला यॉर्कशायर डे होता. दर वर्षी आजोबा स्वतः शिडीवर चढून दारावर पांढऱ्या गुलाबाचा निळा झेंडा लावतात. त्या वर्षी गुडघा साथ देईना म्हणून लेकीला हाक मारली. चौदा वर्षांची घोडी, भराभर वर चढली. खालून आजोबांचं सुरू, "गुलाब उलटा लावलायस!"

"नाही लावला."

"लावलायस!"

ती वरून त्यांच्याच हेलात काहीतरी बोलली, मला अर्धं कळलंच नाही. दोघं खिदळत होती. मी शिडी धरून उभी होते, आणि आत कुकरची तिसरी शिट्टी झाली.