जी दुसरी धाव कुणी काढलीच नाही

नोव्हेंबर 2025 मध्ये चेन्नईने रवींद्र जडेजा राजस्थानला देऊन संजू सॅमसन घेतला, त्याला महिना होत आला तरी आमच्या शाळेच्या ग्रुपवरचं भांडण मिटलेलं नाही. आम्ही सगळे चिंचवडचे. ऋतुराज गायकवाड शेजारच्या थेरगावच्या अकादमीत घडला, त्यामुळे आमच्यातले निम्मे लोक मुंबईला सोडून केव्हाच चेन्नईचे झालेत. एका बाजूचं म्हणणं असं, की जडेजा 37 वर्षांचा झाला, रन बघा, विकेटी बघा, योग्य वेळी विकला. दुसरी बाजू म्हणते, 2023च्या फायनलला शेवटच्या दोन चेंडूंवर दहा हवे असताना सिक्स आणि फोर मारून ज्याने कप आणला, त्याला घराबाहेर काढणं हा कृतघ्नपणा. मी इथे मॉन्ट्रियलहून मध्ये पडले आणि शेई वेबर या आइस हॉकीपटूबद्दल चार ओळी लिहिल्या. उत्तर आलं, "तिकडचं बर्फातलं काही सांगू नकोस. तुला इथलं काय कळतंय आता."

ते वाक्य मला लागलं. आयपीएलची संध्याकाळची मॅच इथे सकाळी दहाला सुरू होते. ऑफिसात एका कानात इयरफोन घालून विलोवर मी जडेजाला जेवढं पाहिलंय, तेवढं त्या ग्रुपमधल्या किती जणांनी पाहिलंय ते त्यांनीच सांगावं. त्यामुळे ग्रुपवर चार ओळींत जे मावलं नाही ते इथे सगळं लिहिते.

29 जून 2016. आमच्या हॉकी संघाने, मॉन्ट्रियल कॅनेडियन्सने, आपला डिफेन्समन, म्हणजे बचावपटू, पी. के. सुब्बान नॅशव्हिलच्या संघाला दिला आणि बदल्यात शेई वेबर घेतला. एकास एक, वर काही नाही. सुब्बान 27 वर्षांचा, वेबर ऑगस्टमध्ये 31 पूर्ण करणार होता. सुब्बानच्या 7 कोटी 20 लाख डॉलर्सच्या करारात, त्याच्या संमतीशिवाय त्याला हलवता येणार नाही असं कलम होतं आणि ते लागू होणार होतं 1 जुलैला. दोन दिवस आधी त्याला हलवलं. आयपीएलमध्ये खेळाडू हो म्हणाल्याशिवाय असा सौदा होत नाही. जडेजाने हो म्हटलं, आणि 18 कोटींचे 14 कोटी होत असतानाही म्हटलं. ग्रुपवर 'बिचाऱ्याला काढला' म्हणणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं. इथे करारात कलम नसेल तर नुसता फोन येतो, आणि फोन ठेवेपर्यंत तुमचं शहर बदललेलं असतं.

वेबरचा करार तर डोळे फिरवणारा होता. 2012 मध्ये झालेला, 14 वर्षांचा, 11 कोटी डॉलर्सचा, 2026पर्यंत चालणारा. आपल्या आयपीएलच्या पर्ससारखी इथेही संघाच्या एकूण पगाराला मर्यादा असते आणि तिच्यातले दरवर्षी साधारण 78 लाख 60 हजार एकट्या वेबरपायी अडकणार होते. आकडेवाल्यांनी लगेच गणित मांडलं. खेळाडू बर्फावर असताना आपण समोरच्या गोलकडे किती फटके मारले आणि त्यांनी आपल्याकडे किती, हे इथे मोजतात, त्याला कोर्सी म्हणतात. त्यात सुब्बान पुढे होता आणि वेबर मागे पडत चालला होता. ते आकडे खोटे नव्हते. म्हातारा आणला, तरुण दिला, असंच शहरभर म्हणत होते आणि त्यात मीही होते.

मी का होते ते सांगते. सुब्बानचे वडील जमैकाचे, आई मॉन्टसेराटची. 2013चा नॉरिस करंडक, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम डिफेन्समनचा मान, त्याने मिळवला होता. सौद्याच्या आदल्या वर्षी त्याने इथल्या मुलांच्या हॉस्पिटलसाठी एक कोटी डॉलर्स उभे करण्याचा शब्द दिला होता. या शहरात मी आले तेव्हा फ्रेंच येत नव्हतं, खिडकीबाहेर सहा महिने पांढरं, आणि मेट्रोत कुणी कुणाकडे बघत नाही. सुब्बानच्या 76 नंबरची टोपी घातली की लिओनेल-ग्रू मेट्रो स्टेशनच्या फलाटावर अनोळखी माणसंही माझ्याशी बोलायची. माझा मुलगा सहा वर्षांचा होता, त्याच्या अंगात 76चा स्वेटर होता. सुब्बान गेला त्या संध्याकाळी मी तो स्वेटर धुऊन, घडी घालून कपाटात वर ठेवला आणि वेबरची मॅच बघायची नाही असं ठरवलं.

पहिली दोन वर्षं माझ्यासारख्यांनाच बरोबर ठरवणारी होती. नॅशव्हिल 2017 मध्ये थेट स्टॅनली कपच्या, म्हणजे लीगच्या विजेतेपदाच्या, फायनलला पोचलं, मॉन्ट्रियल पहिल्याच फेरीत घरी. त्यापुढच्या मोसमात वेबर पायाच्या दुखण्याने 26च मॅच खेळला आणि सुब्बानचं नाव परत नॉरिसच्या शेवटच्या तिघांत. त्या वेळी कुणी मला या सौद्याचा निकाल विचारला असता तर मी एका वाक्यात दिला असता, जसा ग्रुपवर आज देतायत.

माझं मत बदललं ते वेबरला बघून नव्हे, मुलाला बघून. तो डिफेन्सला खेळायला लागला. व्हर्दनच्या रिंकवर शनिवारी सकाळी सहाला प्रॅक्टिस असायची. एकदा मी काचेला टेकून उभी होते आणि कोच बर्फावर गुडघा टेकून त्याच्या हातातली काठी धरून दाखवत होता. पकच्या, म्हणजे हॉकीतल्या रबरी चकतीच्या, मागे धावायचं नाही. समोरच्याच्या छातीकडे बघायचं, काठी आपल्या आणि गोलच्या मधे बर्फावर सपाट ठेवायची, आणि त्याला जायला फक्त भिंतीकडची वाट ठेवायची. तो आपणहून कोपऱ्यात जातो. कोपऱ्यातून गोल होत नाही. एवढंच, पन्नास वेळा.

त्या आठवड्याच्या मॅचमध्ये समोरचा एक चपळ मुलगा तीनदा आत आला आणि तीनदा कोपऱ्यात गेला. आमच्या मुलाचं नाव कुणी घेतलं नाही. रविवारी व्हिडिओ कॉलवर बाबांनी चिंचवडहून विचारलं, "किती गोल मारले आमच्या पठ्ठ्याने?" शून्य म्हणताना मला कसंतरीच झालं. बाबा दर रविवारी हेच विचारायचे आणि दर रविवारी मी तेच सांगायचे. जो गोल झालाच नाही तो आजोबांना कसा सांगायचा हे मला सुचायचं नाही.

मग मी वेबरला बघायला लागले. लोकांना त्याचा फटका माहीत होता. ताशी 174 किलोमीटरचा. 2010च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये जर्मनीविरुद्ध त्याचा पक जाळं फाडून पलीकडे गेला आणि गोल झालाय हे व्हिडिओ बघून ठरवावं लागलं. पण मी पकवरून नजर काढून आपल्या गोलसमोरच्या निळ्या अर्धवर्तुळाकडे बघू लागले. तिथे समोरचा खेळाडू येऊन उभा राहतो, गोलीला काही दिसू नये म्हणून. वेबर त्याच्या मागे यायचा, कमरेला कंबर लावायचा आणि त्याला इंच इंच बाहेर सरकवायचा. ढकलणं असं दिसायचं नाही. दोन-तीन सेकंदांत तो माणूस तीन फुटांवर गेलेला असायचा आणि आमच्या गोलीला, कॅरी प्राइसला, पक दिसायचा. प्राइसने अडवलं म्हणून टाळ्या पडायच्या.

जडेजाचं अगदी हेच आहे. तो पॉइंटला उभा असतो. फलंदाज चेंडू त्याच्या डावीकडे ढकलतो, दोन पावलं टाकतो, मान वर करतो, कोण आहे ते बघतो आणि परत फिरतो. जडेजा सीमेवर असला तर फलंदाज एकच धाव घेऊन थांबतो. स्कोअरकार्डात तिथे टिंब येतं किंवा एक येतो. वीस ओव्हरमध्ये अशी किती टिंबं, ते कुणी लिहून ठेवत नाही. त्या टिंबांमुळे समोरचा पुढच्या चेंडूवर उतावळा होतो आणि विकेट दुसऱ्याच बॉलरच्या नावावर लागते. आमच्या ग्रुपचे दोन्ही पक्ष एकच चूक करतायत. एकजण रन मोजतो, दुसरा 2023ची ती रात्र मोजतो. दोघेही घडलेलंच मोजतायत. जी दुसरी धाव कुणी काढलीच नाही, तिचा हिशोब दोघांकडेही नाही.

इथे तो हिशोब जास्त ठेवतात, हे मी ठामपणे म्हणेन. अरेनात शेजारी बसलेला आजोबा तुम्हाला सांगतो, समोरच्या पहिल्या फळीपुढे कोण किती मिनिटं होतं, एक माणूस पेनल्टीत, म्हणजे शिक्षा म्हणून बाहेर बसलेला, असताना पहिल्यांदा बर्फावर कोण उतरलं. आपल्याकडे चौकातला माणूस खेळ कमी जाणतो असं नाही. पण आपण ज्याचा फोटो लावतो त्याच्याबद्दलच बोलतो.

2021ला जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं. 2018पासून वेबर कॅप्टन होता. टोरांटोविरुद्ध 3-1 असे मागे असताना आम्ही वर आलो, विनिपेगला चार मॅचमध्ये साफ केलं, आणि 24 जूनला, सँ-जाँ या इथल्या सणाच्या रात्री, आर्तुरी लेहकोनेनने ओव्हरटाइममध्ये व्हेगासला संपवलं. 1993नंतर पहिल्यांदा फायनल. आत 3,500 लोकांनाच सोडलं होतं, त्यामुळे बाकीचं शहर रस्त्यावर होतं. आमच्या गॅलरीतून पहाटेपर्यंत हॉर्न ऐकू येत होते. त्या प्लेऑफमध्ये एक माणूस कमी असताना संघाने सलग 30पेक्षा जास्त पेनल्टी गोल न खाता काढल्या. तिथे उभा कोण असायचा? दुखावलेला अंगठा घेऊन, रात्रीची पंचवीसेक मिनिटं, तोच. टँपाने फायनल पाच मॅचमध्ये जिंकली. 7 जुलैची ती मॅच वेबरची शेवटची. नंतर तो कधीच खेळला नाही, शरीरात काही उरलं नव्हतं.

मग कागदावर त्याची किंमत काय? मॉन्ट्रियलला पाच मोसमांत मिळाल्या 275 मॅच. नंतर तो करार, खेळू न शकणाऱ्या माणसाचा करार, व्हेगासला गेला, तिथून ॲरिझोनाला, मग यूटा, मग शिकागो. पगाराच्या मर्यादेच्या हिशोबात सोयीचा कागद म्हणून त्याला फिरवत राहिले. सुब्बानलाही नॅशव्हिलने 2019 मध्ये न्यू जर्सीला किरकोळ बदल्यात देऊन टाकलं आणि 2022 मध्ये तो निवृत्त झाला. वेबर नोव्हेंबर 2024 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. नॅशव्हिलचे तेव्हाचे जनरल मॅनेजर, ज्या डेव्हिड पॉइलने त्याला तिथून पाठवलं, तेही त्याच दिवशी. माझा निकाल असा, की मॉन्ट्रियलला वेबर महाग पडला नाही. पण हा निकाल द्यायला मला पाच वर्षं लागली. जडेजा 2008 मध्ये जिथून सुरुवात करून जिंकला त्या राजस्थानला परत चाललाय, त्याने तिथे अजून एक चेंडू अडवलेला नाही, आणि आमच्या ग्रुपवर हिशोब बंद.

आता जे ग्रुपवर लिहिणार नाही ते. 2 मार्च 2017ला सुब्बान नॅशव्हिलच्या स्वेटरमध्ये मॉन्ट्रियलला खेळायला आला. स्क्रीनवर त्याचे जुने क्षण लावले, सगळं सॉन्त्र बेल, म्हणजे आमचं अरेना, उभं राहिलं आणि त्याचे डोळे भरले. मी घरी सोफ्यावर हमसून रडले. नवऱ्याला वाटलं हॉकीसाठी रडतेय. त्याच हिवाळ्यात मी भारताचा पासपोर्ट जमा केला होता. रद्द केल्याचा शिक्का मारून तो परत मिळाला, आणि मी तो कपाटात त्या 76च्या स्वेटरखाली ठेवला. मी गेले ते माझ्या मर्जीने, मला कुणी दिलं नाही की विकलं नाही. तरी दर खेपेला चिंचवडला रिक्षातून उतरले की शेजारच्या काकू विचारतात, "कधी आलीस?" आणि मी उत्तर द्यायच्या आत, "कधी जाणार?" त्या प्रेमाने विचारतात, मला माहीत आहे. पण त्या दोन प्रश्नांच्या मधे थोडी जागा असावी असं मला वाटतं. 'तुला इथलं काय कळतंय' हे वाक्य नेमकं तिथेच लागलं.

मी सोळा वर्षं काय केलं असेल तर लांबून त्या घरावर नजर ठेवली. बाबांच्या गोळ्या संपायच्या आत औषधवाल्याला फोन, भावाने गॅसचं बुकिंग केलं का ते विचारणं, पावसाळ्याच्या आधी गच्चीच्या गळतीसाठी माणूस शोधणं. घर गळलं नाही, गोळ्या चुकल्या नाहीत. त्याची नोंद कुणी कुठे ठेवत नाही, आणि ठेवावी असंही मी म्हणत नाही. पण मला इथलं कळतं.

ज्याने ते वाक्य लिहिलं तो माझा बालवाडीपासूनचा मित्र. काल मी त्याला वेगळा मेसेज केला, की एप्रिलमध्ये येतेय, राजस्थानची एक मॅच तुझ्या घरी, संध्याकाळी साडेसातला, माणसांच्या वेळेला बघायची आहे. चेंडू पॉइंटकडे गेला की जडेजाकडे बघायचं नाही, नॉनस्ट्रायकरच्या पायांकडे बघायचं. त्याने लगेच लिहिलं, "ये. बाबांनाही घेऊन ये."

तिकीट 9 एप्रिलचं आहे. परतीचं 2 मेचं.