अर्ध्या हळकुंडानं पिवळे

एक्का-राजा. पोकरच्या डावात एक्का-राजा टाकून दिला त्यानं! खाली, सगळ्यांच्या सामायिक पानांत, राजा पडलेला, हातात एक्का-राजा, आणि अण्णानं पत्ते उताणे ठेवून दिले. ठेवले तेही कसे, तर देवापुढं नारळ ठेवावा तसे, अलगद, दोन्ही हातांनी. वर माझ्याकडं बघून म्हणतो, "तुझी रेंज लई टाईट हाय लेका."

रेंज, म्हणजे मी कुठकुठल्या पानांवर खेळतो तो आवाका, आणि टाईट म्हणजे मोजक्याच चांगल्या पानांचा. रेंज! अण्णाच्या तोंडी रेंज! सहा वर्षांपूर्वी या माणसाला रेंज म्हणजे मोबाईलची एवढंच ठाऊक होतं, आणि तीही पेढीवर येत नाही म्हणून शिव्या घालण्यापुरती.

माझ्या हातात अठ्ठ्यांची जोडी. खाली राजा, अठ्ठी, दुर्री, तिन्ही वेगवेगळ्या रंगांची. भ्यावं असं खाली काहीसुद्धा नाही. हातात जोडी असताना फ्लॉपवर, म्हणजे खाली उघडणाऱ्या पहिल्या तीन पानांत, त्याच आकड्याचं तिसरं पान पडणं साडेआठ वेळांतून एकदा होतं, आणि त्याच वेळी समोरच्याला एक्का-राजा लागणं म्हणजे दसरा आणि दिवाळी एकाच शनिवारी. अण्णानं सहा टाकली, मी अठरा केली. अठरा हळकुंडं! घर लिहून मागितलं नव्हतं. आणि ज्या माणसानं गेली सहा वर्षं चौकी-दुर्री घेऊन शेवटच्या पानापर्यंत माझा पिच्छा पुरवला, "आता आलोयच तर बगून जातो" याच्यापलीकडं ज्याला तत्त्वज्ञान नव्हतं, तो माणूस पत्ते ठेवून पाणी प्यायला उठला.

मी विचारलं, का टाकलास? तर तांब्या तोंडाला लावायच्या आधी म्हणतो, "तूच सांगितलंस की. जो कधी वाढवत न्हाई त्यानं परत वाढवलं की एका जोडीवर जीव द्यायचा न्हाई."

सांगितलं होतं. मीच सांगितलं होतं. मागच्या पावसाळ्यात, याच खोलीत, उदाहरणासकट.

आमच्या भागात वस्ताद पोरांना सगळे डाव शिकवतो आणि एक राखून ठेवतो. तालमीच्या दारावरनं गेलेल्या माणसालाही हे कळतं. मी मात्र राखीव डावसुद्धा वहीत लिहून दिला. वहीत! वर झेरॉक्स मारून आणली, माझ्या पैशानं, सहा प्रती, बापूची दोनदा, कारण पहिलीवर त्यानं भडंग खाल्लं.

तर ही सगळी पीडा पाण्यातनं आलेली. २०१९चा ऑगस्ट. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर, अण्णाच्या गोदामात पाणी, आणि त्याची हळदीची नऊ पोती माझ्या विश्रामबागेतल्या वरच्या खोलीत. लाईट नाही, टीव्ही नाही, बाहेर पाऊस. मेणबत्तीत रमी किती खेळणार? म्हटलं चला, एक नवा खेळ दाखवतो. चिप्स कुठनं आणायच्या, तर पोती होतीच. प्रत्येकी पन्नास हळकुंडं, सहा माणसं, तीनशे हळकुंडं. पूर ओसरला, खेळ राहिला. पोतीसुद्धा राहिली, दिवाळीपर्यंत. भिंतीला हळदीचा जो पट्टा पडला त्याच्या रंगाचं अण्णा "बगूया की" म्हणाला होता, ते तो अजून बघतोयच. असो.

त्यानंतरची पाच वर्षं काय सुखाची गेली! जिंकलेली हळकुंडं ज्याची त्यानं घरी न्यायची, असा नियम. आमच्या घरात पाच वर्षं हळद विकत आणली नाही. सासुरवाडीला गेली, बहिणीकडं गेली, पुण्यातल्या शेजाऱ्यांना सांगलीची हळद म्हणून भेट गेली. बायको शनिवारी रात्री दार उघडताना "किती?" एवढंच विचारायची. आणि मी, अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणारी माणसं जगात पुष्कळ, दीडशे हळकुंडांनी पिवळा झालेला, मी शिकवायला बसलो.

मास्तर म्हणतात, विद्या दिल्यानं वाढते. वाढत असेल हो शाळेत! तुम्ही पाढे शिकवले म्हणून तुमचे पाढे कमी होत नाहीत. इथं खोलीत हळकुंडं तीनशेच आहेत. तीनशे एकावं कुणाच्याही डोक्यातनं उगवत नाही. अण्णाला एक गोष्ट कळली की ती माझ्या पिशवीतनं वजा होते. इतका साधा हिशोब निवृत्त गणित शिक्षकाला कळू नये आणि कळलेल्या माणसानं वर वही वाटावी!

मिरजेचे डॉक्टर तर गाण्यातले. त्यांनी भातखंडेंना मध्ये आणलं. म्हणे उस्ताद लोक बंदिशी तिजोरीत ठेवल्यासारख्या ठेवायचे, भातखंडेंनी त्या मिळवल्या, स्वरलिपीत छापल्या, म्हणून काय गावोगाव अब्दुल करीम खाँ निर्माण झाले? छापील बंदीश आणि गाणं यांत अंतर असतंच. मान्य, डॉक्टर, शंभर टक्के मान्य. पण समोरच्यानं बंदीश नुसती बरी म्हटली तर खाँसाहेबांच्या घरची हळद संपत नव्हती. आणि इथं खाँसाहेब होऊन चालतंय कुणाला? नुसतं चौकी-दुर्री टाकायला शिकले तरी मी बसलो! माझं सगळं उत्पन्न त्यांच्या हुशारीवर नव्हतंच कधी, त्यांच्या "बगून जातो"वर होतं.

आता भाचा. हा पुण्यात आयटीत, सध्या घरून काम, म्हणजे माझ्या घरून. फोनवर खेळायचा तो. २०२५च्या ऑगस्टमध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आला, ॲपं बंद पडली आणि साहेब शनिवारी माझ्या बोकांडी. पहिल्याच आठवड्यात त्यानं भिंतीवर तक्ता लावला. तेरा गुणिले तेरा, एकशे एकोणसत्तर चौकोन, सुरुवातीला येऊ शकणारी प्रत्येक जोडगोळी रंगवलेली, कुठं बसून काय खेळायचं, काय टाकायचं. लॅमिनेट केलेला. नेमका अण्णाच्या हळदीच्या पट्ट्यावर लावला, म्हणजे तेवढा पट्टा तरी झाकला, हाच काय तो फायदा.

त्याला म्हटलं, गाढवा, माझ्या पोटावर पाय आणतोस? तर म्हणतो, "मामा, माहिती आता लपत नसते. अल्बर्टा विद्यापीठानं २०१५ सालीच दोघांतला ठरावीक बोलीचा होल्डेम, म्हणजे पोकरचाच प्रकार, कॉम्प्युटरकडनं सोडवून घेतलाय. २०१७ला लिब्राटस नावाच्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमनं चार व्यावसायिकांना धुतलं. तू नाही सांगितलंस तर यूट्यूब सांगेल." अरे सांगू दे की यूट्यूबला! यूट्यूब दहा वर्षं सांगतंय, अण्णानं ऐकलं का? अण्णा यूट्यूबवर बैलगाडा शर्यती बघतो. पण एकाच रंगाची पाच पानं जमवायला उपयोगी अशी नऊ पानं उरली असतील तर चारनं गुण, छत्तीस आले, म्हणजे दोन पानांत रंग पुरा व्हायची शक्यता शंभरात पस्तीसच्या आसपास, हे त्याला हळदीच्या क्विंटलचं उदाहरण देऊन, चावून चावून कुणी भरवलं? आणि भरवलं कुणाला, तर सौद्यात उभ्या उभ्या तोंडी हिशोब करणाऱ्या अडत्याला! माझं गणित होईस्तोवर त्याचं उत्तर येतं आता.

भाच्याचा दुसरा मुद्दा असा, की शिकवल्यानं नवी माणसं खेळात येतात. २००३ साली ख्रिस मनीमेकर नावाचा टेनेसीतला हिशेबनीस ८६ डॉलरच्या ऑनलाइन पात्रता स्पर्धेतनं जागतिक स्पर्धेत पोचला आणि पंचवीस लाख डॉलर घेऊन गेला. त्या वर्षी ८३९ माणसं होती, पुढच्या वर्षी २,५७६. झाकलेले पत्ते टीव्हीवर दिसायला लागले, म्हणून लोकांना वाटलं हे आपल्यालाही जमेल. खरं आहे, सगळं खरं आहे. पण मला सांग, विश्रामबागेत माझ्या वरच्या खोलीत २,५७६ माणसं बसवू कुठं? सहा खुर्च्या आहेत, त्यातली एक हलते. ताजा मासा म्हणून बुधगावचा एक जण आणला होता, तो दुसऱ्या शनिवारी तक्त्याचा फोटो काढून गेला.

आणि मी यांना सावध करायला, म्हणजे खरं तर स्वतःलाच सावध करायला, डॉयल ब्रन्सनची गोष्ट सांगितली होती. टेक्सासचा म्हातारा, १९७६ आणि १९७७ लागोपाठ दोन वर्षं जगज्जेता. त्यानं आपली विद्या पुस्तकात ओतली आणि नंतर पस्तावला, कारण समोरचे त्याचीच चाल ओळखायला लागले. या गोष्टीतनं बापूनं काय घेतलं? दोन्ही वर्षी शेवटच्या डावात ब्रन्सनच्या हातात दश्शी-दुर्री होती, एवढंच! आता बापूला दश्शी-दुर्री आली की तो मिशीवरनं हात फिरवतो आणि सगळी हळकुंडं पुढं ढकलतो. तक्त्यात तो चौकोन टाकायचा म्हणून रंगवलाय, बापू. तांबडा आहे. तुझ्या डोक्याच्या मागंच आहे. आणि हा मनुष्य त्यावर जिंकतो! तीनदा जिंकला!

बापूचं निघालंच आहे तर सांगतो, रात्री दहा वाजता बंद खोलीत गॉगल घालून बसणाऱ्या माणसाला मतदानाचा हक्क नसावा. शिवाय भडंगाचे तेलकट हात. इस्पिकचा एक्का पाठीवरनं ओळखू येतो, बदामच्या राणीवर शेंगदाण्याचं फोलपट कायमचं चिकटलंय. नवा कॅट आणा म्हटलं की सगळे छताकडं बघतात. मास्तर "चेक" म्हणतात, म्हणजे आत्ता काही लावत नाही, आणि मग हळूच तीन हळकुंडं सरकवतात. आणि मोडकं हळकुंड पूर्ण धरायचं की अर्धं, यावर २०२१पासून निर्णय नाही. अण्णा मोडकी मला देतो आणि अख्खी स्वतः ठेवतो.

तरी भाच्याचं एक पटलं. तो म्हणाला, "मामा, अर्धवट शिकलेला माणूस पुरता अडाणी असण्यापेक्षा सोपा. हे आता भिऊन पत्ते टाकायला लागलेत ना? मग तू ब्लफ कर." बरोबर! शास्त्रशुद्ध! लगेच पुढच्याच तासात संधी आली. माझ्याकडं काही नाही, गुलाम-नव्वी, खाली एकाच रंगाची चार किल्वर. मी चाळीस हळकुंडं ढकलली. हूं की चूं नाही, चेहरा दगडाचा. अण्णानं तक्त्याकडं बघितलं, छताकडं बघितलं, आणि तिर्रीची जोडी घेऊन चाळीसच्या चाळीस आत टाकली. तिर्रीची जोडी! किल्वर एक नाही! मी ओरडलोच, वहीत हे कुठं लिहिलंय? तर म्हणतो,

"न्हाई लिहिलं. बगायचं होतं."

चांगली पानं दाखवली की पळतो आणि काही नसलं की बघायला येतो. यात कुठली रेंज, कुठली विद्या? मी वही फेकली. खरंच फेकली, जिन्यात गेली. खोलीत कुणी बोलेना. मग डॉक्टरांनी चष्मा पुसत, पेशंटच्या नातेवाइकाशी बोलतात त्या आवाजात सांगितलं, "अहो, रागावू नका. तुमच्याकडं पानं असली ना, की तुम्ही शिकवत असता. काही नसलं की गप्प बसता. आम्हाला ठाऊक आहे ते. बरीच वर्षं."

किती वर्षं, असं विचारायची माझी छाती झाली नाही. अठ्ठ्यांच्या डावात मी बोलत होतो का? होतो. फ्लॉपवर सेट, म्हणजे जोडीला तिसरं पान, लागणं साडेआठात एकदा, हे मी मास्तरांना त्याच वेळी समजावत होतो. सेट हातात धरून.

म्हणजे वही गेली खड्ड्यात, तक्ता गेला खड्ड्यात, अल्बर्टा विद्यापीठाचंही काम नव्हतं. माझं तोंडच भिंतीवर लावलेलं.

भाचा म्हणतो सोपं आहे मामा, आता काही नसताना बोल. परवा आरशासमोर करून बघितलं. काही नसताना बोलायला सुचत नाही. बायकोनं दारातनं विचारलं, कुणाशी भांडताय? वर म्हणाली, हळद संपलीय.

सांगलीत राहून हळद विकत! गणपती पेठेत कुणी ओळखीचं भेटायला नको म्हणून सरळ अण्णाच्या पेढीवर गेलो. म्हटलं पाव किलो हळकुंडं दे. त्यानं तोलून दिली, कागदात बांधली, पैसे मोजून घेतले, एक रुपया सोडला नाही. मी पायरी उतरलो तशी मागनं हाक आली.

"कुटू नगंस हं एवढ्यात. शनवारी घेऊन ये."