एका ‘फ्री’ला चार शब्द

सांगलीच्या मामेभावाने घरच्या ग्रुपवर लिहिलं, ‘अभिजात दर्जा घेऊन काय करायचंय? साध्या “फ्री”ला मराठीत एक धड शब्द नाही. कुठे मोफत, कुठे मोकळा, कुठे मुक्त. इंग्रजीत एका शब्दात भागतं.’ खाली सात जणांचे अंगठे. आठवडा झाला, माझं डोकं तापलेलंच आहे.

मी चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो शहरात सॉफ्टवेअरच्या भाषांतराचं काम बघते. परवाच्या यादीत एका ओळीत नुसतंच ‘फ्री’ होतं. चेक सहकारिणीने रकाना कोरा ठेवून शेजारी लिहिलं, ‘कसलं फ्री?’ पैसे पडणार नसतील तर ‘झदार्मा’. डिस्कवर जागा उरली असेल तर ‘वोल्ने’, पण मेमरी उरली असेल तर ‘वोल्ना’, कारण लिंग बदललं की शेवट बदलतो. माणूस स्वतंत्र असेल तर ‘स्वोबोद्नी’. फॉर्मवर तोच शब्द वैवाहिक स्थितीपुढे आला की अविवाहित. आणि साखर नसेल तर नुसतं ‘बेझ त्सुक्रु’, साखरेविना. आम्ही तिला स्क्रीनचं चित्र पाठवलं, तिने ‘वोल्ने’ लिहिलं, काम संपलं. आपली भाषा तोकडी पडली असं तिच्या मनातही आलं नाही. हे लोक सारे मिळून एक कोटीच्या आसपास. आपण 2011च्या जनगणनेत आठ कोटींच्या वर, आणि आपणच रडायचं?

इंग्रजीत भागतं म्हणे! फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन 1985मध्ये निघालं, तेव्हापासून त्यांना सांगत बसावं लागतंय की यातला ‘फ्री’ फुकटचा नव्हे, स्वातंत्र्याचा. चेकमध्ये ‘स्वोबोद्नी सॉफ्टवेअर’ म्हटलं की झालं. मराठीत ‘मुक्त’ म्हटलं की झालं. ‘वोल्नी’ तर थेट आपला मोकळाच: वेळ मोकळा, जागा मोकळी, अंगात घातलेला सदराही मोकळा. शिवाय फुकट आणि मोफत यांतला फरक माझ्या भावाला कळत नाही असं थोडंच आहे? त्याच्या दुकानाच्या पाटीवर ‘फुकट’ लिहून बघावं त्याने.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. त्याचं उत्तर आलं, ‘परदेशात बसून मराठीचा कैवार घेणं सोपं असतं, ताई.’

झोंबलं ते. कारण रविवारी आईने फोनवर विचारलं होतं, ‘सवड आहे का गं जरा?’ आणि मी म्हटलं होतं, ‘हो आई, फ्री आहे.’ भावाला शब्द मोजून दाखवताना ‘सवड’ मला आठवलाच नाही. अकरा वर्षांत तो माझ्या तोंडातून कधी गेला, कळलंही नाही.

सोमवारी शालिनात, म्हणजे इथल्या ट्राममध्ये, एक आजी माझ्या शेजारच्या सीटकडे बोट करून म्हणाल्या, ‘ये तु वोल्नो?’ मी पिशवी उचलून मांडीवर घेतली. ‘आनो, वोल्नो.’ शब्द शोधावा लागला नाही.