पोरांची बॅग पोरांनाच भरू द्या

पुढच्या शनिवारी आमच्या स्काउट पथकाचा फॅमिली कॅम्प आहे. हत्तरसंग कुडलला, भीमा-सीनेच्या संगमाजवळच्या एका मळ्यात. एक रात्र, सोळा कुटुंबं. आठ दिवसांपासून पालकांमध्ये एकच विषय चाललाय: तंबू कुठला घ्यायचा, स्लीपिंग बॅग ऑनलाइन मागवली तर वेळेत येईल का. म्हणून हे लिहितेय.

गेल्या वर्षी लेकाची बॅग मी भरली होती. कपड्यांच्या वेगळ्या पिशव्या, औषधांचा वेगळा डबा, सगळं कसं नीट. रात्री दोनला त्याला लघवीला जायचं होतं. टॉर्च बॅगेतच होता, पण कुठल्या कप्प्यात ते फक्त मला माहीत, आणि मी पलीकडे बायकांच्या तंबूत. दहा वर्षांचं पोर अंधारात बॅग उपसत बसलं, शेवटी उजाडेपर्यंत तसंच पडून राहिलं. सकाळी मला काही बोललं नाही. ते अजून टोचतं मला.

यंदा त्याने भरली. आजीची जुनी सोलापुरी चादर फरशीवर अंथरली, सरांनी दिलेली यादी शेजारी ठेवली आणि एकेक वस्तू चादरीवर मांडत गेला. रात्री लागणारं सगळ्यात वर. टॉर्चला नाडी ओवून ती बॅगेच्या पट्ट्याला बांधली. मग डोळे मिटून हाताने चाचपडून बघितलं, सापडतो का. दोनदा. मी दारात उभी होते, तोंडातून शब्द काढला नाही. स्वेटर राहिला होता, तोही त्याचा त्यालाच आठवला.

१९०७ साली स्काउटिंग सुरू करणारे बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउन्सी बेटावर पहिला कॅम्प घेतला, तेव्हा पोरांच्या चार तुकड्या केल्या आणि प्रत्येक तुकडीचा नायक पोरगाच होता. आपल्या पथकातही संघनायक आहेतच की. मग फॅमिली कॅम्प म्हटलं की सगळा कारभार आई-बापांच्या हातात का जातो?

पाण्याचंच बघा. नळाला पाणी येण्याच्या दिवसांवर आठवडा आखणारं आपलं गाव, पाण्याचा हिशोब आपल्या पोरांना कोणी शिकवायला नको. संघनायकांनी परवा तो मांडला: ५५ माणसं, माणशी ४ लिटर पिण्याचं, म्हणजे २२० लिटर, २० लिटरचे ११ जार. वर एक जास्तीचा, सांडलवंडीला. आम्ही मोठे तोवर शेगडीवरच वाद घालत होतो.

आणि खरेदीबद्दल स्पष्टच सांगते, नवीन काही घेऊ नका. या पथकात यंत्रमागावर काम करणाऱ्यांची पोरं आहेत, विड्या वळणाऱ्या आयांची आहेत. परवा मीटिंग संपल्यावर एका वडिलांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "ताई, ती झोपायची पिशवी घ्यावीच लागते का हो?" मला फार वाईट वाटलं. एका रात्रीला दोन चादरी आणि खाली सतरंजी भरपूर झाली. ताडपत्री, बांबू, दोर असला की आडोसा होतो. खायला कडक भाकरी, शेंगाचटणी, कांदा. कडक भाकरी कितीतरी दिवस टिकते, आपल्याला एकच रात्र काढायचीय. शिवाय मळ्यात हुरडा आहेच.

मोठ्यांनी करायची कामं वेगळी आहेत, आणि त्यात हयगय नको. नदीच्या काठाला सरांशिवाय कोणीही जाणार नाही. माळावर फुरसं असतं, तेव्हा रात्री अनवाणी फिरायचं नाही, सकाळी बूट झटकल्याशिवाय पायात घालायचे नाहीत. जवळचं सरकारी रुग्णालय कोणतं, रात्री कोणाची गाडी तोंड रस्त्याकडे करून उभी राहणार, हे निघायच्या आधी ठरलं पाहिजे. कोणाला दम्याचा पंप लागत असेल तर सरांना आत्ताच सांगा.

कॅम्पच्या आधी, या रविवारी सकाळी साडेआठला मैदानावर गाठींचा सराव आहे. पोरं शिकवणार, आई-वडील शिकणार. येताना प्रत्येकाने दोन मीटर सुती दोरी आणा, नायलॉनची नको, गाठ सरकते.