ग्राफक्यूएल आणि ‘मंदावणाऱ्या’ डेटाबेसविषयी खुलासा

जळगाव-धुळ्याकडच्या संगणक व्यावसायिकांमध्ये सध्या एक संदेश फिरतो आहे : ‘ग्राफक्यूएल वापरले की रिलेशनल डेटाबेस मंदावतोच, तो बदलण्यावाचून गत्यंतर नाही.’ हे विधान बरोबर नाही. रिलेशनल डेटाबेस म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या टेबलांत (तक्त्यांत) माहिती साठवणारी व्यवस्था. फेसबुकने २०१२ मध्ये तयार केलेली आणि २०१५ मध्ये सर्वांसाठी खुली केलेली ग्राफक्यूएल ही माहिती मागण्याची भाषा आहे. ती माहिती कोठे व कशी साठवावी, याविषयी ती काहीच सांगत नाही.

मंदपणा येतो तो बहुधा रिझॉल्व्हर, म्हणजे मागितलेली माहिती डेटाबेसमधून आणून देणारा कोड, लिहिण्याच्या पद्धतीतून. रावेरकडच्या एखाद्या केळी व्यापाऱ्याच्या ॲपने ५० शेतकरी आणि प्रत्येकाच्या काटापावत्या मागितल्या, असे समजा. भाबडेपणाने लिहिलेला रिझॉल्व्हर शेतकऱ्यांसाठी १ आणि पावत्यांसाठी ५०, अशा ५१ क्वेरी (डेटाबेसला विचारलेले प्रश्न) पाठवतो. डेटालोडरसारखे साधन त्याच ५० शेतकऱ्यांचे क्रमांक गोळा करून एका ‘इन’ अटीत (‘या यादीतील कोणताही’ अशा अटीत) घालते आणि काम २ क्वेरींत भागते. डेटाबेस बदलला, तरी रिझॉल्व्हर तोच असेल तर डेटाबेसकडच्या फेऱ्या ५१च राहतात. मात्र पावत्यांच्या टेबलात शेतकरी-क्रमांकावर इंडेक्स (नोंदी पटकन शोधून देणारी सूची) हवा. फॉरेन की (एका टेबलातील नोंद दुसऱ्या टेबलाशी जोडणारा दुवा) जोडली म्हणून पोस्टग्रेस हा डेटाबेस तो आपणहून करत नाही (मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसचे इनोडीबी हे साठवण-इंजिन करते), आणि नेमके हेच विसरले जाते.

संदेशात तथ्य अजिबात नाही, असेही नाही. शेतकरी, त्याच्या पावत्या, त्यांवरचे व्यापारी, पुन्हा त्यांचे शेतकरी अशी कितीही खोल मागणी करू दिली, तर कोणताही डेटाबेस दमेल. म्हणून मागणी किती खोल जाऊ शकते याची मर्यादा सर्व्हरवरच बसवावी लागते. ॲप आपलेच असेल, तर आधी मंजूर केलेल्या क्वेरीच स्वीकाराव्यात.